दुसरी हाक

घरून येणारे पैसे ठरलेल्या तारखेला येत नसत. ते चंद्राप्रमाणे येत. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की दोन-तीन दिवसांत फोनवर संदेश वाजे आणि खात्यात आईने पाठवलेली रक्कम दिसे. मधल्या दिवसांत कितीही नड असली तरी काही येत नसे. वाशीतल्या एका लहान दैनिकात मी तेव्हा प्रशिक्षणार्थी उपसंपादक होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचे वडील दर पाच तारखेला पैसे पाठवत. माझे असे पुढेमागे का येतात, असं तिने एकदा विचारलं. मी विषय बदलला. सांगायचं तर कालवांपासून सुरुवात करावी लागली असती.

दैनिकाचं मानधन खोलीच्या भाड्यालाही पुरत नव्हतं. वर्षभराने कायम करू, मग पूर्ण पगार, असं संपादकांनी सांगितलं होतं. ते वर्ष काढायचं होतं. त्यासाठी घरी वाटणी झाली होती. भाडं बाबांनी पाठवायचं, जेवणखाण आईने. बाबा रेवदंडा ते अलिबाग अशी रिक्षा चालवत. आई कालवं काढत असे.

कालवं खडकाला चिकटून वाढतात आणि तो खडक रोज उघडा पडत नाही. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी दोन खडपं आहेत. आतलं खडप किनाऱ्याला लागून आहे. बाहेरचं त्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला. दोन्हींच्या मध्ये वाळूचा एक खोलगट पट्टा आहे, त्याला चर म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्र सर्वांत जास्त मागे हटतो, तेव्हाच चर कोरडा पडतो आणि खडपांच्या खालच्या अंगाची मोठी कालवं हाताला लागतात. बायका लहान कोयतीने शिंपला तिथेच फोडतात, आतला गर डब्यात टाकतात. पाणी उलटलं की ते आधी चरात शिरतं. बाहेरच्या खडपावर वाकून काम करणाऱ्या बाईचे पाय कोरडे असतात आणि तिच्या पाठीमागची वाट बंद झालेली असते. उधाणाच्या भरतीत बाहेरचं खडप पूर्ण बुडतं. वाडीतल्या बहुतेक बायकांना पोहता येत नाही. आईलाही येत नव्हतं.

म्हणून खडपावर एकटीने जायचं नाही, आणि गेल्यावर गप्प बसायचं नाही, अशी रीत होती. सगळ्या जणी पाठमोऱ्या, खाली मान घालून काम करतात. कोण कुठे आहे ते दिसत नाही, ते ऐकू यावं लागतं. लहानपणी मी आईबरोबर जात असे तेव्हाचं बोलणं अजून कानात आहे.

"अगो, तुझ्या सुनेनं काल भात करपवला काय? वाडीभर वास सुटला व्हता."

"माझी सून करपवते तरी. तुझी तर चूलच पेटवत न्हाय."

"ती कशाला पेटवेल? सासूच्या तोंडात केवढा जाळ हाय."

कोणी बराच वेळ उत्तर दिलं नाही तर बाकीच्या हात थांबवून वळून बघत. या सगळ्यांत आमची शेजारची काकी हाक देणारी. चरातला एक चपटा दगड ती डोळ्याच्या कोपऱ्यातून राखत असे. त्याला पाणी लागलं की ती उभी राहून ओरडे, "चला गो! पाणी फिरलं!" त्यानंतर डबा अर्धा असो की रिकामा, कोणी आणखी एकही कालव फोडायचं नाही.

आई अजूनही या सगळ्या जणींबरोबरच जाते असं मी धरून चालले होते. बाबाही तसंच धरून चालले होते. तिचा डबा तेच रिक्षातून नागावच्या एका खानावळीत पोचवत. शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांना तिथे कालवांचं कालवण लागे.

त्या वर्षी माघात वाडीतल्या एका मुलाचं लग्न होतं. हळद पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होती. माझी साप्ताहिक सुट्टी त्याच दिवशी आली म्हणून मी गेले. दुपार उलटल्यावर एसटीतून उतरले आणि वाडीत शिरले तेव्हा मांडवात बायका लसूण सोलत बसल्या होत्या. टेम्पोवर रचलेले मोठे स्पीकर सुरू झाले होते. एकीने मला पाहिलं आणि गाण्याच्या वर आवाज चढवला.

"आली गो आली, पेपरवाली आली! आता आमचा फोटो छाप."

"छापेन की. आधी काहीतरी करून दाखव," मी म्हटलं.

"आमी काय करनार? करून दाखवलं ते तू. तुझी आयस आता शेठानी झाली. खडपाकडं बघत पन न्हाय."

मी थांबले. "बघत नाही म्हणजे?"

"म्हंजे काय? पावसाळा सरल्यापासनं आली न्हाय आमच्यात. म्हनते, पोर पैसं धाडते. पोरीनं सांगितलंय, आये, आता बस कर." तिने सोललेली पाकळी टोपात टाकली. "नशीब लागतं गो बाय."

बाकीच्या बायका हसल्या नाहीत. त्या लसणाकडे बघत राहिल्या. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहत होते. पैसे मी घरी पाठवत नव्हते, घरून मला येत होते. आणि ते पावसाळ्यानंतरच्या प्रत्येक उधाणाला आले होते.

घराच्या दाराला नुसती कडी होती. आत खाटेवर आईचं हळदीसाठी काढलेलं लुगडं घडी करून ठेवलेलं होतं, त्यावर गजरा ओल्या फडक्यात गुंडाळलेला. म्हणजे ती मांडवात गेलेली नव्हती. मागच्या दाराशी वाशाला कोयती अडकवलेली असे. ती नव्हती. खाली तिचे खडपावरचे जुने प्लॅस्टिकचे बूट असत. तेही नव्हते. झाकणाचा डबा नव्हता.

मागच्या दारातून समुद्र दिसतो. पाणी खूप लांब गेलेलं होतं. खाडीतल्या होड्या गाळात एका अंगावर कलंडल्या होत्या. आतलं खडप काळं, कोरडं, त्यावर एकही माणूस नाही. सगळ्या बायका हळदीला होत्या. बाहेरच्या खडपाची पाठ दिसत होती. त्याची कालवांची बाजू समुद्राकडे आहे, ती किनाऱ्यावरून दिसत नाही.

मी फोन लावला. तो घरातच, देवाच्या फळीवर वाजला.

काकी मांडवामागे पाट्यावर हळद वाटत होती. कोपरापर्यंत हात पिवळे.

"काकी, आई कुठे आहे?"

"घरात असंल. लुगडं नेसत असंल."

"नाही. कोयती जागेवर नाही."

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, सूर्याकडे पाहिलं. तो खाली आला होता.

"आज कोन गेलं न्हाय गो," ती हळू म्हणाली. "आज वाडीत हळद. आज ती पन जानार न्हाय असंच मना वाटलं."

"म्हणजे ती जाते हे तुला माहीत होतं?"

ती उठली. लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि चालू लागली. मी मागून. उत्तर तिने चालता चालता दिलं, माझ्याकडे न वळता.

"साऱ्यांना म्हाईत हाय. चरातल्या वाळूत एकटीची पावलं दिसतात. बाहेरच्या खडपावर ताजी फोडलेली शिंपलं. आमी काय आंधळ्या हाव?"

"मग बोललात का नाही तिला?"

"काय बोलायचं? तू नोकरीला लागलीस तवा तिनं घराघरांत पेढं वाटलं. पोरीला मोठा पगार, पोर घर चालवनार, असं सांगितलं. त्याच्या मागून कोयती घेऊन आमच्यात कशी येनार ती? आनी आमी तिचं पेढं खाऊन तिलाच खोटी पाडायची?"

"एकटी जाऊ दिलीत."

"एकटी न्हाय." काकी थांबली आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आमी आतल्याच खडपावर बसतो, बाहेरचं तिला सोडलंय. मी हाक देते ती दोनदा देते. एक आमची. मंग आमच्या बायकांना पुढं घालते, बाहेर तोंड करून आनखी एक देते. ती तिची. तिचं डोकं वर आलं, ती चरात उतरली, की मंग मी निघते. ती लांबून, दुसऱ्या अंगानं घरी जाते. मी बघितलं न्हाय असं करते. असं चाललंय."

"आणि आज?"

आम्ही वाळूवर पोचलो होतो. चपट्या दगडाची जागा तिने मला दाखवली. तिथे दगड नव्हता, पाणी होतं.

आम्ही दोघी आतल्या खडपाच्या टोकापर्यंत गेलो आणि ओरडलो. काकीचा आवाज वाडीत प्रसिद्ध होता. पण वारा समुद्रावरून आमच्या तोंडावर येत होता आणि मागे मांडवातलं गाणं छातीत धडधडत होतं. आपला आवाज कुठवर जातो हे माणसाला कळतं. तो आमच्यापासून फार पुढे जात नव्हता. बाहेरच्या खडपाच्या पाठीवर काही हललं नाही. समोर चरात पाणी आडवं वाहत होतं. रुंदी फार नव्हती, पण ओढ दिसत होती. त्यावरचा फेस धावत होता. मी एक पाय घातला. काकीने मला दंडाला धरून मागे ओढलं. तिच्या बोटांची हळद माझ्या बाहीवर राहिली.

"दोघींना कुठं शोधू मी? थांब हितंच. बघत ऱ्हा."

ती मांडवाकडे पळाली. तिला तसं पळताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मी बाबांना फोन केला. ते चौलच्या पुढे होते, रिक्षात प्रवासी होते. मी सांगितलं, आई बाहेरच्या खडपावर आहे, एकटी आहे, भरती लागली आहे. मग ते म्हणाले, "बाकीच्या बायका कुठं हायत?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, या.

दैनिकात अशा बातमीला आम्ही चार ओळी देत असू. नाव, वय, राहणार, आणि मग "भरतीच्या पाण्याचा अंदाज न आल्याने". हे शब्द मी आठ महिन्यांत कितीतरी वेळा लावले होते. किनाऱ्याकडच्या वार्ताहराची बातमी अपुरी आली तर कारणाच्या जागी तेच बसवायचे. त्या टोकावर उभी असताना ती ओळ डोक्यात आपोआप जुळत गेली. वय पन्नास, राहणार रेवदंडा. कालवं काढण्यासाठी गेली असता. मला ती थांबवता येत नव्हती. अंदाज न आल्याने, हे तर साफ खोटं होतं. आईला पाण्याचा अंदाज आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला होता. मग ती अजून वर का आली नाही? याचं एकच उत्तर सुचत होतं आणि ते मी पुढे जाऊ देत नव्हते.

मागचं गाणं एकाएकी बंद झालं.

शांतता इतकी अचानक झाली की आधी फक्त वारा ऐकू आला, मग चरातल्या पाण्याचा खळखळाट. आणि मग, वाऱ्याबरोबर, समुद्राच्या बाजूने, बारीक आवाज. टक. टक टक. थांबून पुन्हा टक. लोखंड शिंपल्यावर पडत होतं.

ती जिवंत होती. ती काम करत होती. वाट बंद झाली आहे हे तिला कळलेलं नव्हतं.

मी पुन्हा ओरडले. टक टक चालूच राहिली.

मग मांडवाकडून कर्रकन आवाज आला. कोणीतरी माईक हातात घेतला होता. टेम्पो मागे येत थेट वाळूच्या कडेला आला, स्पीकरची तोंडं समुद्राकडे झाली. चालवणारा पोरगा ओरडून विचारत होता की काय झालंय, कोण आहे तिकडे. काकीचं उत्तर माईकमधून साऱ्या किनाऱ्याला ऐकू गेलं.

"हाय एक आमच्यातली."

आणि मग तिने हाक दिली. नाव घेतलं नाही. खडपावर सगळ्यांना मिळून देत असे तीच हाक.

"चला गो! पाणी फिरलं! चला!"

लग्नाच्या स्पीकरांतून ती हाक माझ्या डोक्यावरून गेली. टक टक थांबली. खडपाच्या पाठीवर आधी डोक्याला बांधलेलं फडकं दिसलं, मग आई. ती चराच्या काठापर्यंत आली, पाण्याकडे पाहिलं आणि उभी राहिली. डबा तिने छातीशी धरला होता. आमच्यामध्ये फक्त चर होता. मी तिचा चेहरा पाहू शकत होते. तिने मला ओळखलं आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. ती पाण्यामुळे होती की मला पाहिल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही.

"उतरू नको!" काकी माईकमधून ओरडली. "वर जा! वर उभी ऱ्हा!"

आई मागे सरकली आणि खडपाच्या सर्वांत उंच जागी जाऊन उभी राहिली.

तोपर्यंत वाळूवर अर्धी वाडी आली होती. बायकांचे हात पिवळे, पुरुष इस्त्रीच्या सदऱ्यांत. होडी काढा, कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी खाडीकडे पाहिलं. होड्या गाळात होत्या. त्या तरंगायला पाणी हवं होतं आणि पाणी यायला अजून वेळ होता. जे पाणी होडी उचलणार होतं, तेच पाणी तिकडे खडपावर चढत होतं. ही साधी गोष्ट त्या ठिकाणी उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होती.

नवऱ्या मुलाच्या मामाने सदरा काढून मुंडावळ्या घेऊन उभ्या असलेल्या बहिणीच्या अंगावर टाकला. "तरंगायची वाट बघत बसू नका. ढकला," तो म्हणाला. सात-आठ जणांनी सर्वांत लहान होडकं गाळातून ढकलायला सुरुवात केली. मांडीपर्यंत चिखलात रुतून ते हातभर पुढे नेत, थांबत, पुन्हा ढकलत. मी ते पाहत नव्हते. मी खडपाकडे पाहत होते. पाणी आईच्या घोट्यांना लागलं. सूर्य पाण्याला टेकला. मागे पूर्वेला चंद्र वर आला होता, मोठा, जवळजवळ पूर्ण.

काकी माईक सोडत नव्हती. ती आईशी बोलत राहिली.

"ऐकतेस का गो? हात वर कर. केलास. तसाच ठेव. तो डबा टाक आता."

आईने डबा टाकला नाही.

"बघा, बघा कशी हाय! मरंल पन डबा सोडनार न्हाय. नवऱ्याला पन एवढी धरून ठेवली न्हाय कधी."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काकी बोलत राहिली. सुनेचा करपलेला भात, कोणाच्या तरी कोंबड्या, कशावरूनही. ती खडपावरची रीत पाळत होती हे मला उशिरा लक्षात आलं. गप्प बसायचं नाही.

बाबांची रिक्षा वाळूच्या कडेला आली. मागे दोन प्रवासी तसेच बसले होते, एकाच्या मांडीवर पाहुण्यांकडे न्यायचा केळ्यांचा घड. बाबा उतरले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "एकटी जात व्हती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "डबा मीच पोचवत व्हतो," ते म्हणाले.

होडकं तरंगलं तेव्हा पाणी आईच्या गुडघ्यांवर होतं. लाट आली की ती डोलत होती आणि पाय हलवत नव्हती. मामा आणि आणखी एक जण वल्ही मारत चराच्या वरच्या अंगाने गेले. ओढीने ते दोनदा खाली ढकलले गेले. तिसऱ्यांदा खडपाला लागले. मामाने तिला काखेत धरून आत ओढलं. ती होडक्यात पडली आणि काही वेळ दिसेनाशी झाली. मग उठून बसली.

किनाऱ्याला लागल्यावर तिला उतरवून घ्यायला बायका पाण्यात गेल्या. तिच्या लुगड्याला, हाताला, गालाला हळद लागली. तिच्या उजव्या तळव्यावर चिरा होत्या, जुन्या आणि नव्या. मी तिच्यासमोर उभी होते. ती माझ्याकडे न बघता काकीकडे बघत म्हणाली,

"आज हाक उशिरा आली गो."

काकीचा हात अजून माईकवर होता. तिने तो बंद केला.

"तुला म्हाईत व्हतं?" काकी म्हणाली.

"दुसरी हाक कोनासाठी देतेस ते मना कळत न्हाय काय? मी तिच्याच भरवशावर काम करते. चराकडं बघतच न्हाय आता."

"अगो मेले, मी हळद वाटत व्हते! तुला डोळं न्हाईत?"

"हळद रातीची. तवर तुमी साऱ्या खडपावर येऊन जाल असं धरलं मी. तू हळद वाटतेस हे मना कसं कळनार?"

काकीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, जोरात, आणि मग दोघी एकमेकींना धरून वाळूवर बसल्या. बाबांनी रिक्षा पुन्हा चालू केली. प्रवाशांना अलिबागला सोडायचं होतं. हळद झाली, थोडी उशिरा. आई ते घडी केलेलं लुगडं नेसून गेली.

मांडवात जाण्याआधी घरात मी तिला सांगितलं की मी नोकरी सोडते. इथे अलिबागला काहीतरी बघते. ती केस पुसत होती.

"सोडलीस तर मी कशाला गेले तिकडं?"

"तू आज गेली असतीस."

"गेले न्हाय ना." ती गजरा माळायला लागली. गजरा केसांत बसत नव्हता. मी घेतला आणि माळला. "वरसाला किती ऱ्हायलं?"

"चार महिने."

"मंग चार म्हैने मी त्यांच्यात जाईन. आता लपवायला काय ऱ्हायलंय? साऱ्या वाडीनं बघितलं."

"त्या टोमणे मारतील."

"मारू दे. टोमनं ऐकू येतात तवर मी हाय असं समज."

मी वाशीला परतले. पुढचे पंधरा दिवस मला नीट झोप नव्हती. भांगाच्या दिवसांत, म्हणजे समुद्र फारसा मागे हटत नाही तेव्हा, भीती कमी असे. अमावास्या जवळ आली तशी ती वाढली. किनाऱ्याकडच्या बातम्या शेजारच्या टेबलाकडे द्या, असं मी मुख्य उपसंपादकांना सांगितलं. कारण त्यांनी विचारलं नाही. भरती-ओहोटीच्या वेळा आम्ही रोज आतल्या पानावर छापत असू. ती चौकट मात्र मी स्वतःकडे ठेवली आणि दोनदा तपासू लागले.

अमावास्येच्या संध्याकाळी, पानं लावायची घाई चाललेली असताना, मी बाबांना फोन केला. ते किनाऱ्यावर होते. ओहोटीच्या वेळी त्यांनी फेऱ्या बंद केल्या होत्या, रिक्षा वाळूच्या कडेला लावून ते बसून राहत.

"दिसते का?" मी विचारलं.

"दिसत न्हाय. ऐकू येते," ते म्हणाले. "थांब." त्यांनी फोन समुद्राच्या दिशेने धरला असावा. आधी वारा आला. मग टक टक, अनेक, एकात एक मिसळलेली. त्यावरून बायकांचे तुटक आवाज.

"...पेपरवालीची आयस! अगो शेठानी, पोरीनं मनिऑर्डर धाडली न्हाय काय आज?"

"धाडली ना. तुझ्या घरच्या पत्त्यावर धाडली, तुझ्या नवऱ्यानं दारूला घातली!"

हे आईचं होतं. हसणं झालं. टक टक चालू राहिली. माझ्यासमोर पान अर्धं होतं, कोणीतरी दोनदा माझं नाव घेतलं, मी हात वर करून थांबवलं. मग काकीचा आवाज आला, स्पीकरशिवाय, बारीक.

"चला गो! पाणी फिरलं!"

मी वाट पाहिली. दुसरी हाक आली नाही.

"बाबा?"

"चरात उतरतात," ते म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. "मोजतोय." पुन्हा काही नाही. टक टक थांबली होती, बोलणंही ऐकू येत नव्हतं. मी फोन कानावर इतका दाबला होता की कान दुखत होता.

"आली," बाबा म्हणाले.

मी पान पूर्ण केलं. त्यानंतर काही दिवसांनी, नेहमीप्रमाणे, खात्यात पैसे आले. मी ते घेतले.